बाईंडरनं विझवलेला राब

शिंग वाजलं होतं, इथवर काल आलो होतो. एकदा नव्हे, तीनदा. आणि राखीव रानाच्या टेपावरून, म्हणजे उंचवट्यावरून, तीनदा शिंग वाजलं की वरच्या वाडीत ज्याच्या दारात शेरडू-वासरू बांधलेलं आहे त्यानं हातातलं काम टाकायचं, हंडा-कळशी उचलायची आणि धुराच्या दिशेनं पळत सुटायचं, हा त्या काळचा कायदा. जो पळणार नाही त्याची गुरं दुसऱ्या दिवसापासून रानाबाहेर. त्यामुळं आग कुणाची, कशाची, कशानं लागली, असं विचारायची रीतच नव्हती. आधी विझवायचं, मग दम घ्यायचा, मग विचारायचं.

पण काल जे आले नव्हते त्यांना शिंग फुंकणारा कोण, हे कसं कळावं? तर थोडं मागं जातो. मागं गेल्याशिवाय पुढं जायची आपल्याला सवयही नाही.

माणूस पुण्याचा. नाव भिवाजी. बुधवारात एका छापखान्याच्या मागच्या खोलीत पुस्तकं बांधायचा. शाळेची क्रमिक पुस्तकं, दुकानांच्या चोपड्या, सरकारी कचेऱ्यांची जाडजूड बाडं, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. वीस वर्षं त्या खोलीत खळीचा आंबट वास आणि कागदाची धूळ छातीत भरून घेतली, तेव्हा छातीनंही एक दिवस हात टेकले. खोकला असा लागला की शेजारची बाई म्हणायची, भिवाजी घरी आहे की नाही ते दार न उघडता कळतं. वैद्यानं नाडी धरली, सोडली आणि सांगितलं, "पुड्या देतो, पण पुड्यांनी भागायचं नाही. तीन महिने झाडाखाली जाऊन राहा."

आता बुधवारात राहणाऱ्या माणसानं तीन महिन्यांची झाडं आणायची कुठून? पण जंगल कचेरीतला एक कारकून त्याच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, मुळशीच्या वर, ताम्हिणीच्या अलीकडं, राखीव रान आहे. दर उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवायला तिथं एक माणूस नेमतात. टेपावर खोपटात राहायचं, धूर दिसला की शिंग फुंकायचं, आणि रोज जाळरेषा झाडायची. म्हणजे रानाच्या कडेनं दहा हात रुंदीचा मोकळा पट्टा असतो, त्यावर पाला साचू द्यायचा नाही. पाला नसला की आग पट्टा ओलांडत नाही. "आणि साहेबाला बाहेरचाच माणूस हवाय," कारकून म्हणाला, "गावचा माणूस गावच्या धुराकडं काणाडोळा करतो."

झालं. फाल्गुन संपता संपता भिवाजी एक वळकटी, चहाचा डबा, आणि कारागिराला हत्याराशिवाय करमत नाही म्हणून आरी, दाभण आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ घेऊन टेपावर हजर झाला.

त्याला रान दाखवायला होता गेणबा. रानाचा जुना राखणदार, डोक्याला मुंडासं, पायात काही नाही. पहिल्याच दिवशी भिवाजीनं त्याला विचारलं, "रस्ता कुठून आहे हो?"

गेणबानं चहूकडं पाहिलं. "तुमी चालाया लागा. व्हईल."

दुसऱ्या दिवशी एका उंच झाडाखाली बसून भिवाजी भाकरी खात होता, तर वरून अर्धवट खाल्लेलं फळ टाळक्यात बसलं. त्यानं वर पाहिलं. पानांशिवाय काही दिसेना. दुसरं फळ आलं. तिसरं आलं. पुण्याचा माणूस, तोंड सोडणार कसं? उठून उभा राहिला आणि म्हणाला, "कोण आहे ते? चार माणसांत वागायची ही पद्धत आहे का? खाली या पाहू!" असं पाव घटकाभर त्या झाडाला चांगले शब्द सांगत राहिला. शेवटी गेणबा आला, त्यानं बोट करून दाखवलं. फांदीवर हातभर शेपूट सोडून एक तांबूस शेकरू बसलं होतं आणि भिवाजीचं भाषण मोठ्या लक्षपूर्वक ऐकत होतं.

"खाली यायाचं न्हाई ते," गेणबा म्हणाला. "तुमचा आवाज आवाडला त्याला."

आणि कच्ची करवंदं! ओंजळभर एकदम तोंडात टाकली, चिकानं ओठ एकमेकांना चिकटले. दुसरा कुणी घाबरला असता. ह्यानं तो चीक बोटावर घेतला, चोळून पाहिला, आणि ओठ सुटल्यावर पहिलं वाक्य काय बोलला? "आमच्या खळीपेक्षा बरी धरते." खळ कसली, असं कुणी विचारलं तर म्हणाला, "मी बाईंडर आहे." तेव्हापासून वाडीत त्याचं नाव बाईंडर पडलं. बाईंडर म्हणजे काय हे वाडीत कुणाला नीट ठाऊक नव्हतं. वाडीतल्या तुकाबाईला तर ते आडनाव वाटायचं.

चैत्र गेला तसा खोकला उतरला. पाय टणक झाले. जाळरेषा झाडताना तो गुणगुणायला लागला. आणि गेणबानं त्याला धुराची ओळख करून दिली. ही ओळख मोठी महत्त्वाची, कारण आपल्या मावळात उन्हाळ्यात धूर निघणारच. भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून काढावी लागते. खाली शेण पसरायचं, त्यावर वाळक्या फांद्या, त्यावर पाला-पाचोळा, वर बारीक मातीचा थर, आणि मग पेटवायचं. जाळ उठत नाही, धुमसतं. तणाचं बी जळतं, राख मुरते, आणि मग तिथं टाकलेलं भात तरारून येतं. ह्याला राब भाजणं म्हणतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. गेणबा टेपावर उभा राहून बोट नाचवत सांगायचा, "त्यो बघा, जोतिबाचा राब. त्यो तुकाबाईचा. त्या पल्याड गोमाचा. हे धूर आपलं हायेत, ह्यांच्यावर शिंग वाजवायचं न्हाई." भिवाजीनं एका कागदावर टेकडी काढून अशा चौदा जागा खुणेनं मांडून ठेवल्या. नेटका माणूस. चौदा म्हणजे चौदा.

पंधरावी जागा होती सारजाबाईची.

सारजाबाई एकटी बाई, पन्नाशीला टेकलेली. नवरा दहा वर्षांमागं गेला, मुलगी पौडाकडं दिलेली. तिची खालची खाचरं नदीकाठची, काळीभोर. पण धरणाचं पाणी अडलं आणि ती त्या पाण्याखाली गेली. भाऊ न्यायला आला होता. "माझ्या घरी चल, चार घास खा," म्हणाला. बाई त्याला म्हणाली, "तुज्या दारात म्हातारी व्हयाची न्हाई मी. वरली पडीक हाय की." वरची पडीक म्हणजे राखीव रानाला लागून असलेला दगडधोंड्याचा उतार. तिनं दीड वर्ष एकटीनं दगड वेचले, बांध घातले आणि तीन खाचरं उभी केली. ह्या साली त्यात पहिलं भात लावायचं. भावाला सांगून ठेवलं होतं, ह्या साली पिकलं तर मी हितली, न्हाई पिकलं तर मी आपल्या पायानं तुझ्या दारात येते. अख्ख्या वाडीला हे ठाऊक होतं. भिवाजीला तेवढं ठाऊक नव्हतं, कारण ते खाचर नवं, आणि गेणबाच्या बोटाला जुनीच वळणं.

तर वैशाखातली ती सकाळ. वारा पडलेला. सारजाबाईनं राबाला विस्तव लावला, तो नीट धुमसायला लागला तसा झऱ्यावर कळशी भरायला गेली. टेपावरून भिवाजीनं पाहिलं, रानाच्या अगदी कडेला पांढरा धूर. कागद काढला. चौदांत नाही. पुन्हा पाहिला. नाहीच. छाती भरून घेतली, दोन महिन्यांपूर्वी भरता आली नसती एवढी, आणि शिंग फुंकलं.

वाडी धावली. जोतिबा, गोमा, तुकाबाई, सगळी. उन्हाळ्यात अर्ध्या कोसावरून आणलेलं, भांडी घासताना जपून वापरायचं पाणी, ते हंड्याहंड्यानं धुरात ओतलं. हिरव्या डहाळ्यांनी झोडपलं. धूर डोळ्यांत, कुणाला काही दिसेना. भिवाजी टेपावरून पडत-झडत आला आणि सगळ्यात पुढं होऊन झोडपायला लागला. आग विझली. सगळ्यांनी दम घेतला. मग धूर विरळ झाला आणि खाली चौकोनी बांध दिसायला लागला.

आधी तुकाबाईला कळलं. तिनं रिकामा हंडा खाली ठेवला. "अगं बया, ह्यो तर सारजीचा राब."

तेवढ्यात सारजाबाई डोक्यावर कळशी घेऊन वर आली. थांबली. एकेकाच्या तोंडाकडं पाहत गेली.

"मधी तुमचीच पट्टी व्हती की, बाईंडर," गेणबा हळूच म्हणाला. "आग रानात जाणार कशी?"

"गेणबाकाका, कागदावर ही जागा…"

"कागुद! कागदाला भूक लागतीया व्हय?" गोमा खेकसला. "माजा हंडा गेला आज सांजच्या आंघुळीचा."

"तू कवा रं आंघूळ केली सांजची?" तुकाबाईनं त्याला गप्प केलं.

सारजाबाईनं कळशी उतरवली, राबाच्या कडेला बसली, हात घालून पाहिलं. खालचं शेण शाबूत होतं. ओलं झालं तरी चार दिवसांत वाळतं. पण वरच्या फांद्या, पाला, वर्षभर गोळा केलेलं सगळं अर्धं जळालेलं, अर्धं चिखलात तुडवलेलं. वाडीत सगळ्यांचे राब भाजून झालेले. उसनं द्यायला कुणाकडं काडी शिल्लक नव्हती. फांद्या तोडायचे दिवस संपलेले. मृग तीन आठवड्यांवर.

भिवाजी हात जोडून पुढं आला. "बाई, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं?" सारजाबाई उठता उठता म्हणाली. "धूर दिसला, शिंग वाजीवलं. शिंग वाजलं, ह्येंनी इझीवलं. समद्यांनी आपापलं काम क्येलं. माझंच चुकलं, नव्या जागंवर राब घातला." आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "जावा आता. पाणी सांडलंय तुमचं, पुन्यांदा भराया जावं लागंल."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं भिवाजी पुढं गेणबाला म्हणाला. शिव्या माणूस घरी नेऊन झटकू शकतो. हे झटकता येईना. दुसऱ्या दिवशी तो जाळरेषा झाडत होता. खराट्यापुढं पाल्याचा ढीग साचला, रोजच्यासारखी काडी ओढली, आणि हात तसाच राहिला. काडी बोटाला भाजली तेव्हा भानावर आला. ढीग तसाच टाकून गेणबाच्या घरी गेला.

"काका, झाडलेला पाला आपण जाळतो. तो कुठं जाळायचा, असं हुकमात आहे का?"

गेणबानं तंबाखू मळता मळता डोळे बारीक केले. "हुकूम मला पाठ हाय. 'पट्ट्यात पडलेला पाला झाडून सुरक्षित जागी जाळावा.' तोडायचा न्हाई, इकायचा न्हाई, घरी न्यायचा न्हाई. जाळायचा." मग थांबला, तंबाखू तोंडात टाकली, आणि गालातल्या गालात हसला. "चारी बाजूंनी बांध, मधी मोकळी माती. सारजाबाईच्या खाचरापरीस सुरक्षित जागा अख्ख्या रानात दावा मला."

पण पाला वाहून नेणं म्हणजे वारा मुठीत धरणं. टोपली भरावी तर दहा पावलांत निम्मी रिकामी. पहिल्याच दिवशी एक वावटळ आली आणि भिवाजीची अर्ध्या दिवसाची मेहनत गोल गोल फिरत झाडांच्या शेंड्यांवरून गेली. हा खाली धोतराचा सोगा धरून तिच्यामागं धावतोय! बांधावर तुकाबाई पोट धरून बसली. "बाईंडर, अवो, पुण्याला चालली ती! हितं या!"

त्या दुपारी त्यानं दाभण काढलं. दोन धोतरं, एक पासोडी, वळकटीची चादर, जे होतं ते एकाला एक जोडून मेणाच्या दोऱ्यानं माणूसभर उंचीची खोळ शिवली. पुस्तकाच्या जुजांना, म्हणजे पानांच्या घड्यांना, घालतात तो टाका, दर चार बोटांवर गाठ. तोंडाला दोरी ओवली. सारजाबाईनं ती हातात घेऊन ओढून पाहिली, उलटी करून शिवण पाहिली. बाई सहसा कुणाला बरं म्हणायची नाही. ती म्हणाली, "उसवाया कुऱ्हाड लागंल." आणि मग, "आता नेसणार काय?"

"एक आहे अंगावर."

"त्ये रातीला धुऊन सकाळी नेसायचं. पुण्याचं लोक दोन-दोन बदलत्यात म्हनं."

दुसऱ्या दिवसापासून ती भाकरी घेऊन वर यायला लागली. तांदळाची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी नाचणीची आंबील. तो झाडायचा, ती खोळीत पाय घालून पाला तुडवायची, मग तो पाठीवर घेऊन उतरायचा. लांबून नुसती खोळच चालत यायची. खाली दोन बारीक पाय. पहिल्या दिवशी तीन खेपा. चौथ्या दिवशी सात. गोमानंही, आंघोळीचा राग विसरून, दोन खेपा टाकल्या, आणि प्रत्येक खेपेला सगळ्यांना ऐकू जाईल असं कण्हला.

तिनं एकदा विचारलं, "घरी कोन हाय?"

"बहीण आहे. तिचा संसार वेगळा. मी छापखान्यातच निजतो."

सारजाबाईनं त्याच्या भाकरीवर आणखी एक चतकोर ठेवला. एवढंच.

आणि अशातच पौडाहून टपाल घेऊन येणाऱ्याबरोबर छापखान्याच्या मालकाचं कार्ड आलं. शाळा सुरू व्हायच्या आधी क्रमिक पुस्तकांचा ढीग पडतो. बांधणाऱ्याला तेव्हाच मान. मालकानं लिहिलं होतं, सोमवारपर्यंत आलास तर जागा तुझी, नाहीतर दुसरा माणूस बसवतो, तीन महिने काय केलेस आणि अजून काय उरले आहे ते कळव. त्या दिवशी शुक्रवार. राब अर्धाही रचला नव्हता. पश्चिमेला दुपारी दुपारी ढग जमायला लागले होते. वळवाची एक सर आली असती तर सगळा पाला भिजून गेला असता.

भिवाजीनं कार्ड गेणबाला वाचून दाखवलं.

"जावा तुमी," गेणबा म्हणाला. "वीस वर्साची जागा. आमी रचू राहिल्यालं. सारजाबाई काय म्हननार न्हाई."

"ती म्हणणार नाही, तेच तर अवघड आहे, काका," भिवाजी म्हणाला, आणि कार्ड कनवटीला खोवून खराटा उचलला.

सारजाबाईच्या कानावर गेलंच. वाडीत काय राहतं? ती रविवारी वर आली ती भाकरी न घेता. "बाईंडर, उद्या सोमवार हाय."

"हो."

"माझ्यापायी पोटावर पाय आणू नगा. मी भावाकडं जाईन, तितं काय मारत्यात मला?"

भिवाजी खोळीचं तोंड बांधत होता. त्यानं गाठ पुरी केली. "जाल तुम्ही. पण तुमच्या पायानं जाल, माझ्या शिंगानं नाही."

बाई तिथंच बसली. मग उठली, खोळीचं एक टोक धरलं आणि म्हणाली, "उचला मंग. बसून काय व्हतंय!"

सोमवार गेला. मंगळवार गेला. ढग रोज यायचे, दाटायचे आणि पलीकडं कोकणात उतरायचे. बुधवारी दुपारी राब रचून पुरा झाला. शेण वाळलेलं, त्यावर गुडघाभर पाला, मधे मधे जाळरेषेतल्याच पडलेल्या काटक्या, वर चाळणीनं चाळल्यासारखी बारीक माती. मातीचा थर भिवाजीनं स्वतः हातानं सारखा केला, पुठ्ठ्यावर कागद बसवताना हवा काढतात तसा मधून कडेला. सारजाबाईनं त्याला तसंच करू दिलं, जरी त्यानं काही फरक पडत नव्हता.

संध्याकाळी वारा मंदावला. अख्खी वाडी बांधावर जमली होती. सारजाबाईनं चुलीतला निखारा खापरावर आणला आणि भिवाजीपुढं धरला.

"मी?"

"मंग कोन? तुमाला इझवाया येतं, त्ये बघितलं आमी. पेटवाया येतं का बघू."

सगळी हसली. गेणबानं सांगितलं तसा वाऱ्याच्या उलट बाजूनं, कोपऱ्यात, त्यानं निखारा खोवला आणि फुंकर घातली. एकदा, दोनदा. छाती चांगली साथ देत होती. धूर निघाला. पांढरा, दाट, जमिनीलगत; आणि मग मातीखालून एक तांबडी रेघ सरकायला लागली, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडं, कुठंही न तुटता. सारजाबाई त्या रेघेबरोबर बांधावरून चालत होती. रेघ शेवटच्या कोपऱ्यात पोचली तेव्हा ती थांबली आणि मागं न वळता म्हणाली, "गोमा, माज्या भावाला पौडाच्या बाजारात भेटशील तवा सांग, म्हनावं सारजी हितंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाजी त्या बांधावर बसला आणि मालकाला उत्तर लिहिलं. लिहून झाल्यावर गेणबाला वाचून दाखवलं, कारण पौडाला टपालात गेणबाच टाकणार होता. गेणबाला ते पुढं कितीतरी वर्षं तोंडपाठ होतं, आणि त्याच्याकडून मला. अक्षर न अक्षर असं:

"रा. रा. मालक यांस भिवाजीचा नमस्कार. कार्ड पोचले. सोमवारी येणे झाले नाही. काय केलेस म्हणून पुसलेत, तर येथील एका बाईचा राब माझ्या हातून विझला होता, तो काल संध्याकाळी पेटला. राख अजून ऊन आहे, निवाली म्हणजे निघतो. जागा राखली असल्यास उपकार, दुसऱ्यास दिली असल्यास माझ्या जागचा पुस्तके दाबण्याचा पाटा डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा घालण्यास त्यास सांगावे. खोकला नाही."